कुकरची वाफ कडेने जाते, शिट्टी होत नाही. नवा घ्यावा का?

लगेच नको. बहुतेक वेळा दोष रबरी रिंगचा असतो. रिंग काढून बोटांनी ताणून बघा. कडक झाली असेल, बारीक चिरा असतील किंवा झाकणात सैल बसत असेल तर फक्त रिंग बदला. घेताना कंपनी, लिटर आणि झाकण आतून बसणारं की बाहेरून, हे तिन्ही जुळलंच पाहिजे. सैल रिंग थंड पाण्यात ठेवून एखादा दिवस भागतं, पण तो उपाय नव्हे.

रिंग ठीक असेल तर भांड्याची कड बघा. आपटून पोचा आला असेल तिथून वाफ निसटते. शिट्टीखालची नळी सुईने साफ करा आणि आरपार उजेड दिसतो का बघा. हे दर वेळी करा, कारण नळी तुंबली तर धोका आहे. सेफ्टी व्हॉल्व्ह वितळला असेल तर त्याच कंपनीचाच बसवा, छिद्र दुसऱ्या कशानेही बुजवू नका.

गॅस वाचवायचा तर कडधान्य रात्रभर भिजवा, कुकर निम्म्याच्या वर भरू नका आणि पहिल्या शिट्टीनंतर आच मंद करा. आतलं तापमान साधारण 120 अंशांवर थांबतं. मोठ्या आचेने नुसती वाफ वाया जाते.