बीपी नॉर्मल, तरी फुफ्फुसांतला दाब जास्त?

प्रश्न : आईचं बीपी १२०/८० असतं, तरी ‘पल्मनरी हायपरटेन्शन’ (फुफ्फुसांच्या धमन्यांतला वाढलेला दाब) निघालं. कसं काय?

उत्तर : दंडावर मोजतात तो दाब वेगळा. फुफ्फुसांच्या धमन्यांत सरासरी दाब पाऱ्याच्या १४ मिमीच्या आसपास असतो. २० च्या वर गेला की आजार. काहींमध्ये धमनीचं अस्तर बिघडतं : तिला सैल ठेवणारं नायट्रिक ऑक्साइड आणि प्रोस्टासायक्लिन कमी पडतं, आकुंचन घडवणारं एंडोथेलिन वाढतं, भिंतीतला स्नायू जाड होतो. त्रिज्या निम्मी झाली की अडथळा सोळापट! तो भार पेलता पेलता हृदयाचा उजवा कप्पा फुगतो, म्हणून पाय सुजतात. मात्र सर्वाधिक आढळणारं कारण म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या आजारामुळे मागे फुफ्फुसांत तुंबलेलं रक्त. तिथे धमन्या सैल करणारी गोळी दिली तर फुफ्फुसांत पाणी साचू शकतं. म्हणून इको (हृदयाची सोनोग्राफी) झाल्यावर, औषधाआधी, कॅथेटरने (शिरेतून घातलेल्या बारीक नळीने) वेज प्रेशर, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूकडच्या दाबाचा अंदाज, मोजायचं का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. ते १५ च्या वर असेल तर मूळ डावीकडे आहे.