रंगपेटी: ‘बास की आता’ म्हणणारे सर

या वेळी पत्रं भरपूर आली. गंमत म्हणजे त्यातल्या तीन पत्रांत तीन वेगवेगळे ड्रॉईंगचे सर निघाले, म्हणून तीच तीन घेतोय. पहिल्या पत्राला जागा जास्त जाणार, आधीच सांगतो, बाकीच्यांनी राग मानू नका.

प्रश्न: नमस्कार. मी सोलापुरात एका टॉवेलच्या कारखान्यात डिझाईनचं काम करते, सगळं कॉम्प्युटरवर. शाळेत आम्हाला चित्रकलेला जे सर होते त्यांनी मला वॉटरकलर शिकवला, संकल्पचित्र पण त्यांनीच, सुट्टीत घरी बोलावून, एक पैसा न घेता. दोन वर्षांपूर्वी सर गेले. आता मी रविवारी पहाटे सिद्धेश्वर तलावावर चित्र काढायला बसते तर दर वेळी कानात त्यांचाच आवाज, “बास की आता, किती घोळशील!” परवा मैत्रीण म्हणाली तुझी चित्रं अगदी सरांसारखी दिसतात. ती कौतुकानंच बोलली पण मला रात्रभर झोप नाही. चाळीशी उलटली, माझं स्वतःचं काहीच नाही का यात? आणि अजून एक, उन्हाळ्यात वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, टाकला की अर्ध्यातच वाळतो आणि पट्टे पडतात, काय करू?
– एक वाचक, साखर पेठ

उत्तर: ताई, वॉशचं आधी सांगतो कारण ते सोपं आहे. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या पुढं जातो, हवा कोरडी ठाक, त्यात पुण्या-मुंबईच्या लोकांनी सांगितलेल्या टिपा चालत नाहीत. 300 जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड पेपर घ्या, कॉटनचा मिळाला तर उत्तम, आणि तो दोन्ही बाजूंनी पाण्यानं भिजवून प्लास्टिकच्या शीटवर नुसता चिकटवून टाका, खालचं पाणी वरच्या बाजूला पुरवत राहतं, पंधरा-वीस मिनिटं तरी जास्त मिळतात. रंग आधीच वाटीत कालवून ठेवा, लागेल त्याच्या दुप्पट, कारण वॉशच्या मध्यात रंग संपला आणि परत कालवायला गेलात की तिथंच पट्टा. बोर्ड थोडा तिरका, ब्रश मोठा, खालच्या कडेला रंगाचा जो थेंब जमतो तो ओढत ओढत खाली न्यायचा, मागं वळून बघायचं नाही. पाण्यात एखादा थेंब ग्लिसरीन चालतं, जास्त टाकलं तर चित्र आठवडाभर चिकट राहतं, मी हा उद्योग करून बसलोय. आणि पट्टा पडलाच तर पडू दे! अर्धवट ओल्यात ब्रश घातला की फुलकोबीसारखा डाग उमटतो, तो पट्ट्यापेक्षा वाईट.

आता मुख्य.

तुमच्या मैत्रिणीला काय दिसलं असेल याचा मी अंदाज करू शकतो. रंग दिसले असतील. प्रत्येक सरांचा एक ठरलेला करडा असतो, बहुतेकांचा अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना तपकिरी मिसळून केलेला, आणि विद्यार्थी तो जन्मभर वापरतात कारण पहिल्यांदा तो करडा कागदावर पसरताना बघितला तेव्हा अंगावर काटा आलेला असतो. हा झाला वरचा थर. तो काढायचा असेल तर त्या दोन ट्यूब तीन महिने कपाटात ठेवून द्या, बस. दुसरा निळा घ्या, दुसरा तपकिरी घ्या, चित्रं थोडे दिवस बिघडतील आणि मग वेगळी दिसायला लागतील. सरांची बसायची जागा पण बदला. तलावाच्या ज्या काठावरून ते देऊळ काढायचे तिथं बसू नका, किल्ल्याकडं तोंड करून बसा. नाहीतर मागांवर चाललेला तुमचा कारखाना काढा, तो सरांनी कधी काढला नसेल.

पण “बास की आता” हा वरचा थर नाही. तो आवाज घालवायला जाऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

माझंच सांगतो. मीही याच धंद्यात तीस वर्षं काढली, चादरीचं डिझाईन, तेव्हा कॉम्प्युटर नव्हते, ग्राफ पेपरवर एकेक चौकोन भरायचा, मग त्यावरून कार्डं पंच करायची आणि ती जॅकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, चढवायची. माझे सर शाळेत चित्रकला शिकवायचे आणि संध्याकाळी सोलापूरच्या पूर्व भागात एका कारखानदाराचे ग्राफ करायचे, त्यामुळं त्यांच्या डोक्यात वॉटरकलर आणि चादर अशा दोन वेगळ्या खोल्या नव्हत्याच. एकदा त्यांनी वर्गात घरची सोलापुरी चादर आणली, टेबलावर पसरली आणि विचारलं, यात नक्षी कुठाय? आम्ही दाखवली, हे फूल, ही वेल. सरांनी चादर उलटी केली. तुम्हाला माहितीच आहे, आपली चादर दोन्ही बाजूंनी वापरता येते, एका बाजूला जे लाल ते दुसऱ्या बाजूला पांढरं आणि पांढरं ते लाल. म्हणजे मघाशी जी नुसती मोकळी जागा होती तीच आता नक्षी होऊन बसली होती. “आता सांगा बे, नक्षी कुठाय?” वर्ग गप्प. मी नववीत होतो, आणि खरं सांगतो, त्या दिवशी जे डोक्यात घुसलं त्याच्यावर माझं पोट तीस वर्षं चाललं. फुलाचा आकार चांगला आणि फुलांमधल्या फटीचा आकार वाईट असेल तर चादर उलटी केल्यावर गिऱ्हाईकाला काहीतरी खटकतं, काय खटकतं ते त्याला सांगता येत नाही, तो फक्त दुसरी चादर उचलतो.

मग संक्रांतीला, गड्ड्याच्या म्हणजे सिद्धेश्वरांच्या जत्रेच्या वेळी, सर आम्हाला नंदीध्वजांची मिरवणूक काढायला घेऊन गेले. सगळी माणसं पांढऱ्या बाराबंदीत, म्हणजे बंदांच्या अंगरख्यात. आता पांढरं कसं रंगवायचं? वॉटरकलरमध्ये पांढरा रंग लावायचा नसतो, निदान सरांच्या शाळेत नव्हताच, पांढरं म्हणजे कागद. मी पोस्टर कलरची पांढरी बाटली काढली तर त्यांनी ती उचलून स्वतःच्या खिशात घातली. म्हणाले माणसं काढू नको, माणसांच्या मागचं काढ, सावली काढ, माणसं आपोआप उभी राहतील. राहिली की! निळसर सावल्यांचे चार फटके आणि मागची गडद गर्दी, मधे कोरा कागद, आणि तो कोरा कागद म्हणजे बाराबंदी घातलेला माणूस. चादर उलटी करणं आणि हे, एकच गोष्ट आहे हे मला कळायला मात्र अजून दहा वर्षं गेली.

याचा मोठा नमुना बघायचा असेल तर म्हैसूरला जगनमोहन पॅलेसमध्ये सावळाराम हळदणकरांचं चित्र आहे, हातात समई धरलेली बाई, लोक ‘दिव्याची बाई’ म्हणतात. सावंतवाडीचा माणूस, मुंबईत 1908 साली स्वतःची चित्रकलेची संस्था काढली, म्हणजे तेही मास्तरच. मॉडेल त्यांची स्वतःची मुलगी. बघणाऱ्या बऱ्याच जणांना ते ऑईल वाटतं, पण आहे जलरंग. दिव्याचा जो उजेड तिच्या तोंडावर पडलाय ना, तो लावलेला नाही, राखलेला आहे. दिव्याभोवती तिचा हात आहे आणि बोटांच्या कडा तांबूस झाल्यात, तिथं मी पाऊण तास उभा होतो, रखवालदार दोनदा येऊन गेला.

तर ताई, “बास की आता” म्हणजे सरांची स्टाईल नव्हे. कुठं थांबायचं हे वॉटरकलरमध्ये सगळ्यात अवघड, कारण ऑईलसारखं वरून लावून झाकता येत नाही, एकदा उजेड गेला की गेला. ते एकट्यानं शिकता येत नाही, कुणीतरी शेजारी उभं राहून हात धरावा लागतो, आणि तुमच्या सरांनी तो धरला.

एक प्रयोग करा. सोमवारी कामावर गेलात की स्वतःकडं लक्ष ठेवा. टॉवेलच्या डिझाईनला बारीक रेघा चालत नाहीत हे तुम्ही मला सांगाल, कापडावरचे धाग्यांचे लूप उभे राहिले की बारीक काम त्यात बुडून जातं, म्हणून तुम्ही रोज काहीतरी काढून टाकत असणार, एखादं पान, एखादी दुहेरी बॉर्डर. साहेब म्हणत असतील अजून भरा, जागा रिकामी दिसते, आणि तुम्ही म्हणत असाल नको. तो ‘नको’ कुणाचा आहे? सरांनी टेरी टॉवेलचं डिझाईन कधी केलं नव्हतं, पिक्सेल कशाशी खातात हे त्यांना माहीत नव्हतं. तरी तो ‘नको’ त्यांच्याकडूनच आलाय आणि तरी तो शंभर टक्के तुमचा आहे. मला यात भांडण दिसत नाही.

अजून एक सांगायचा मोह होतोय. माझे सर कपड्यांच्या कारखान्यातून युनिफॉर्मच्या कटिंगच्या चिंध्या आणायचे, एकाच करड्या चिंधीचे दोन तुकडे करून एक लाल कापडावर ठेवायचे, एक हिरव्यावर, आणि विचारायचे हे दोन रंग सारखे आहेत का. नाही म्हणायचो आम्ही, शपथेवर. पुढं वाचनात आलं की जोसेफ अल्बर्स नावाचा जर्मन मास्तर अमेरिकेत रंगीत कागदांचे हेच खेळ विद्यार्थ्यांकडून करून घ्यायचा आणि 1963 साली त्यानं त्यावर पुस्तकही काढलं. सरांनी ते वाचलं असेल असं वाटत नाही, विचारायचं राहून गेलं. पण बघा, चिंधीची युक्ती कुणाची हे आम्हाला माहीत नव्हतं तरी ती आमच्या हातात बसली ती बसलीच.

प्रश्न: माझा मुलगा आठवीला आहे, त्याला एलिमेंटरीच्या सरकारी चित्रकला परीक्षेला बसवलंय, पुढं इंटरमिजिएट केली की दहावीला वाढीव मार्क मिळतात म्हणून. क्लासमध्ये तयार चित्रं देऊन फक्त कॉपी करायला लावतात, आणि शेवटी सर स्वतःच त्याच्या चित्रावर ब्रश फिरवून देतात. चित्र छान दिसतं पण घरी त्याला एकट्याला काही काढता येत नाही. क्लास बदलू का?
– एक आई, सात रस्ता

उत्तर: कॉपी करण्यात पाप नाही, सुरुवातीला सगळेच करतात. पण मुलाच्या कागदावर ब्रश फिरवणारे सर, यावर माझं मत कडक आहे. दाखवायचं तर शेजारी वेगळ्या कागदावर दाखवावं. आधी जाऊन नीट बोला, ऐकलं नाही तर बदला.

तोवर घरी एक करा. रोज संध्याकाळी टेबलावर तांब्या आणि दोन कांदे ठेवा आणि वीस मिनिटं बघून काढू दे, रंग नको, पेन्सिल फक्त. मुलं तांब्याचं तोंड छान लंबगोल काढतात आणि बूड सरळ रेघेत कापतात, कारण तांब्या टेबलावर सपाट ठेवलाय हे त्यांना माहीत असतं. माहीत असलेलं काढू नको, दिसतंय ते काढ, एवढंच म्हणायचं. बूड गोल व्हायला लागलं की समजा गाडी रुळावर आली. वस्तुचित्राचा पेपर त्यातच आला. आणि स्मरणचित्रासाठी बाजारात जाऊन आल्यावर विचारा, भाजीवाल्या मावशींचा तराजू कुठल्या हातात होता? मार्कांचं मार्क बघतील.

प्रश्न: आमच्या सरांची चाळीसएक जलरंग चित्रं त्यांच्या घरच्यांनी आम्हा विद्यार्थ्यांना दिली. काही पिवळी पडलीत, दोन-तीनवर बुरशीसारखे ठिपके आहेत, काहींना मागं सेलोटेप. प्रदर्शन करायचा विचार आहे. एक जण म्हणतो लॅमिनेशन करून टाकू. करावं का?
– माजी विद्यार्थी, विजापूर वेस

उत्तर: लॅमिनेशन अजिबात नको! गरम प्लास्टिक एकदा चिकटलं की परत निघत नाही, चित्र कायमचं गेलं. आधी प्रत्येक चित्राचा सावलीत, फ्लॅश न मारता फोटो काढा, जमलं तर स्कॅन. बुरशीवाली चित्रं बाकीच्यांपासून वेगळी करा, कोरड्या हवेशीर जागेत ठेवा, ओल्या फडक्यानं पुसायला जाऊ नका, ठिपके हाताने घासू नका, ते काम जाणकार माणसाकडूनच. जुना सेलोटेप ओढून काढू नका, कागदाचा पापुद्रा बरोबर येतो.

फ्रेम करताना अ‍ॅसिड-फ्री माउंट, म्हणजे चित्राभोवतीचा आम्ल नसलेला पुठ्ठा, मागा, थोडा महाग पडतो पण साध्या पुठ्ठ्यामुळं कागद अजून पिवळा पडतो. फेव्हिकॉल कुठंच नको. काच चित्राला टेकता कामा नये, मधे माउंटची जाडी हवी. ज्या भिंतीवर ऊन येतं तिथं टांगू नका, जुन्या अ‍ॅलिझरीन क्रिमसनसारखे लाल उन्हात उडून जातात आणि मग लोक म्हणतात सर किती फिकं काढायचे. जी चित्रं लावायची नाहीत ती अ‍ॅसिड-फ्री कागदात गुंडाळून आडवी ठेवा, आणि पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. गुंडाळी करून लोखंडी कपाटावर ठेवायची आपली पद्धत बंद.

प्रत्येक चित्रामागं जागा आणि साल पेन्सिलीनं लिहा, कोपऱ्यात, हलक्या हातानं, पेननं नको. आणि मागची बाजू आधी नीट बघून घ्या. आमच्या सरांना मागं रंग तपासायची सवय होती, करड्याचे चार-पाच फटके, कुठं ‘जास्त झालं’ असं लिहिलेलं. फ्रेमवाला नीटनेटकं करायच्या नादात कडा कापतो, त्याला सांगा काही कापायचं नाही.