वर्दी उतरवल्यावर काळा कोट

हवालदार साहेब, सप्रेम नमस्कार.

तुम्ही लिहिलंय की पुढच्या वर्षी पेन्शनवर येताय, पाठीच्या दुखापतीमुळे मेडिकल कॅटेगरी खालावलीय, आणि घरचे म्हणतात, बँकेत गार्डची नोकरी धरा. तुम्हाला मात्र एलएल.बी. करायचंय. ‘पस्तिशी उलटल्यावर वकिली शिकणं वेडेपणा आहे का?’ असं विचारलंय.

वेडेपणा अजिबात नाही. एका माणसाबद्दल सांगतो.

ॲल्बियन टूर्झे हा अमेरिकेतल्या ओहायोचा. लहानपणीच एक डोळा गेलेला. 1861 मध्ये गुलामगिरीच्या प्रश्नावरून उत्तर आणि दक्षिण राज्यांत यादवी युद्ध पेटलं तेव्हा तो उत्तरेच्या सैन्यात भरती झाला. बुल रनच्या पहिल्याच लढाईत माघार घेताना तोफगाड्याची धडक पाठीला बसली आणि काही काळ पाय लुळे पडले. घरी अंथरुणाला खिळलेला असताना त्याने कायद्याचा अभ्यास सुरू केला. बरा झाल्यावर पुन्हा पलटणीत गेला, पेरीव्हिलला जखमी झाला, मग कैद झाला. सुटून आल्यावर 1864 मध्ये त्याला वकिलीची परवानगी मिळाली. तेव्हा तो तुमच्याहून बराच तरुण होता, हे खरं. पण पाठीचं दुखणं त्यालाही जन्मभर पुरलं.

युद्ध संपल्यावर तो दक्षिणेत, नॉर्थ कॅरोलिनात जाऊन राहिला. 1868 पासून सहा वर्षं तिथे न्यायाधीश होता. कु क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या हिंसक टोळीच्या धमक्या येत, म्हणून जवळ पिस्तूल बाळगायचा. त्याचे मित्र, राज्य सेनेटर जॉन स्टीफन्स यांचा 1870 मध्ये क्लॅनने चक्क कोर्टाच्या इमारतीत खून केला.

पुढे लुइझियानात कायद्याने काळे गणले जाणारे होमर प्लेसी गोऱ्यांच्या रेल्वेडब्यात बसले म्हणून त्यांना अटक झाली. ते प्रकरण टूर्झेने एक पैसाही न घेता सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढवलं. त्याचा लेखी युक्तिवाद वाचण्यासारखा आहे. त्याने न्यायमूर्तींनाच विचारलं: समजा, उद्या सकाळी तुम्ही सगळे काळ्या कातडीने आणि कुरळ्या केसांनी जागे झालात, आणि प्रवासात कंडक्टरने तुम्हाला वेगळ्या डब्यात जायला फर्मावलं, तर? 1896 मध्ये निकाल सात विरुद्ध एक असा त्याच्या विरोधात लागला. ते एक मत न्यायमूर्ती हार्लन यांचं. तेही उत्तरेच्याच फौजेतले माजी कर्नल. ‘सोय सारखी असेल तर गोऱ्या-काळ्यांना वेगळं ठेवता येतं’ हे त्या निकालाचं तत्त्व शाळांच्या बाबतीत मोडीत निघायला 1954 साल उजाडलं. टूर्झे 1905 मध्येच गेला होता.

हे सांगायचं कारण असं की काळ्यांच्या हक्कांच्या ज्या प्रश्नावर तो रणांगणात उतरला, तोच प्रश्न त्याने नंतर कोर्टात नेला. तुमच्याकडेही असा प्रश्न आहे, आणि तो तुमच्याच पत्रात आहे. कंपनी ऑफिसात तुम्ही क्लार्क, जवानांचे डिसॅबिलिटी पेन्शनचे अर्ज लिहून देता. ‘दुखापतीचा सेवेशी संबंध नाही’ असा मेडिकल बोर्डाचा शेरा आला की माणूस कसा खचतो, ते तुम्ही पाहिलंय. अशीच प्रकरणं सशस्त्र दल न्यायाधिकरणात चालतात आणि त्याचं एक खंडपीठ मुंबईत आहे. पार्ट टू ऑर्डर, म्हणजे जवानाच्या सेवेतल्या नोंदींचा लष्करी आदेश, काय असतो, हे तुम्हाला समजावून सांगावं लागणार नाही. नव्या वकिलाला तेच शिकायला वर्षं जातात. तिथलं काम इंग्रजीत चालतं, तेव्हा इंग्रजी मसुदे लिहायचा सराव आजपासूनच सुरू करा.

आता व्यवहाराचं. तीन वर्षांच्या एलएल.बी.साठी खुल्या गटाला पदवीत 45 टक्के लागतात, राखीव गटांना थोडी सवलत आहे. सीईटीला सध्या वयाची वरची अट नाही आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. वर्गात 70 टक्के हजेरी लागते, पत्राद्वारे केलेली एलएल.बी. चालत नाही, म्हणून प्रवेश डिस्चार्जनंतरच घ्या. सनद मिळाल्यावर पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. गार्डची नोकरी करायचीच असेल तर ती सनदेआधी सोडावी लागेल. पेन्शनला मात्र ही अडचण नाही. सुरुवातीची दोन-चार वर्षं वकिलीतून घर चालत नाही, तेव्हा घर चालेल ते पेन्शनवरच. हा हिशेब वहिनींना सोबत घेऊन, कागदावर मांडून करा. त्यांचा होकार नसेल तर घाई करू नका.

पदवीचं विद्यापीठ आणि टक्के तुम्ही कळवले नाहीत. मुक्त विद्यापीठाची पदवी असेल तर त्याआधी बारावी झालेली हवी. दोन्ही गुणपत्रिकांच्या प्रती पाठवा, म्हणजे कॉलेजांची यादी करता येईल.