टर्बो-पेट्रोल गाडीला बाहेरचा कोल्ड एअर इनटेक बसवावा का? गोव्यात बसवायचा तर कसा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १.० लिटरची टर्बो-पेट्रोल हॅचबॅक, रिमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरचं प्रोग्रॅमिंग बदलणं) केलेली नाही, रोज म्हापसा ते पणजी आणि अधूनमधून फेरीबोटीने दिवाडी. बाजारातला कोल्ड एअर इनटेक (मूळ फिल्टरच्या डब्याऐवजी बसणारी नळी आणि मोकळा फिल्टर) घरी बसवता येईल का, किती फरक पडेल आणि पावसात त्रास होईल का?

घरी बसवता येतो. हातात पाने धरायची सवय असेल तर दोनेक तासांचं काम. पण रिमॅप नसताना ताकद वाढेल म्हणून घेत असाल तर घेऊ नका. आवाजासाठी घेत असाल तर खुशाल घ्या, मात्र फिल्टर कुठे बसतो ते आधी बघा.

ताकद का वाढत नाही? टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून हवा दाबणारा पंखा) असलेल्या गाडीत मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांत, किती दाब हवा हे ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) ठरवतो आणि वेस्टगेट (एक्झॉस्ट टर्बोला वगळून जाऊ देणारी झडप) उघडून-मिटून तो राखतो. फिल्टर मोकळा केला की टर्बोला तोच दाब गाठायला कमी मेहनत पडते, पण दाब तेवढाच राहतो. समजा, फुल थ्रॉटलला जुन्या फिल्टरमागे ३ किलोपास्कलची ओढ आहे. ती पूर्ण काढून टाकली तरी टर्बोवरचा भार ३ टक्क्यांच्या आसपासच हलका होतो. बूस्ट (टर्बोने दिलेला वाढीव दाब) किंचित लवकर येतो, एवढंच. रिमॅप करून दाब वाढवलात की टर्बो त्याच्या मर्यादेजवळ चालतो, तिथे हाच फरक कामी येतो.

थंड हवेचंही तसंच. टर्बोच्या तोंडाशी ३५ अंशांची हवा आली आणि बूस्ट १ बार असेल, तर ७० टक्के कार्यक्षमतेच्या टर्बोतून ती साधारण १३० अंशांवर बाहेर पडते. तोंडाशी ६० अंशांची आली तर १६५ च्या आसपास. पुढे इंटरकूलर (दाबलेली हवा गार करणारा रेडिएटर) दोन्ही खाली आणतो. तोही ७० टक्के धरला तर इंजिनात शिरताना फरक उरतो फक्त दहाएक अंशांचा, म्हणजे हवेच्या घनतेत ३ टक्के. आणि मूळ डब्याचं तोंड बहुतेक गाड्यांत रेडिएटरच्या वर, बॉनेटच्या कुलपापाशी असतं. ती बाहेरचीच हवा असते. म्हणजे कंपनीने कोल्ड एअर इनटेक आधीच दिलेला आहे. डबा काढून इंजिनशेजारी उघडा कोन फिल्टर लावला तर पणजीच्या सिग्नलवर उभं राहिल्यावर तो इंजिनचीच तापलेली हवा ओढतो. ‘कोल्ड’ नावाचे अनेक किट प्रत्यक्षात गरम हवेचेच असतात.

आता किट निवडताना. आधी तुमच्या गाडीत मॅफ सेन्सर (आत जाणारी हवा मोजणारा) आहे का ते बघा. तो फिल्टरच्या डब्यालगतच्या नळीवर असतो. अनेक लहान टर्बो-पेट्रोल इंजिनांत तो नसतोच, मॅनिफोल्डवरच्या मॅप (दाब मोजणाऱ्या) सेन्सरवरून हिशेब होतो. मॅफ असेल तर नव्या नळीचा आतला व्यास सेन्सरच्या जागी मूळ व्यासाइतकाच हवा. ७० मिलिमीटरच्या जागी ७६ ची नळी आली तर क्षेत्रफळ १८ टक्क्यांनी वाढतं, सेन्सरला हवा तेवढी कमी वाटते आणि ईसीयू पेट्रोल कमी सोडतो. ऑक्सिजन सेन्सर ते सावरायला बघतो, सावरलं नाही की पी०१७१ (मिश्रणात पेट्रोल कमी) कोड येऊन चेक इंजिन लाइट लागतो. ‘सगळ्या गाड्यांना बसतो’ म्हणून विकला जाणारा किट घेऊच नका. तुमच्या इंजिनच्या कोडचा, ब्रीदर नळीचं (इंजिनातली तेलकट वाफ इनटेककडे नेणाऱ्या नळीचं) तोंड असलेला आणि हीटशील्डला (इंजिनची उष्णता अडवणाऱ्या पत्र्याला) वरून झाकण असलेला घ्या.

पाऊस हा इथला खरा मुद्दा. काही किटांत फिल्टर बंपरच्या आत, फॉगलॅम्पच्या मागे लोंबतो. कोरड्या प्रदेशात ते चालून जातं. इथे जून ते सप्टेंबर नाही. भरतीच्या वेळी जोराची सर आली की पणजीच्या सखल भागात पाणी निचरत नाही, खाजनाकाठच्या (खाडीलगतच्या बांध घातलेल्या सखल शेतांकाठच्या) रस्त्यांवरही तेच. फिल्टर बुडला की इंजिन पाणी ओढतं, पाणी दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. टर्बो गाडीत आणखी एक भानगड आहे: आत गेलेलं पाणी खाली असलेल्या इंटरकूलरमध्ये साचू शकतं आणि पुढे जोरात अॅक्सिलरेटर दाबला की सिलिंडरमध्ये जातं. त्यामुळे पाण्यातून बाहेर पडलो म्हणजे सुटलो असं नाही. पाण्यात गाडी बंद पडली तर सेल्फ मारू नका. आधी फिल्टर आणि इंटरकूलरची नळी उघडून बघा. फिल्टरवर चढवायचं जलरोधक कापडी आवरण शिंतोडे अडवतं, बुडण्यापासून वाचवत नाही. फेरीबोटीच्या रॅम्पवर उडणारं खारं पाणी मात्र त्याने बऱ्यापैकी अडतं. थोडक्यात, फिल्टरचं तोंड मूळ तोंडाच्या उंचीच्या खाली नको.

खाऱ्या हवेमुळे क्लिपा स्टेनलेसच्याच घ्या. साध्या लोखंडी हीटशील्डचा पावडर कोट कडांना सोलतो आणि एका पावसात गंज दिसतो. अॅल्युमिनियमचं शील्ड बरं.

फिल्टर तेल लावलेल्या कॉटनचा की कोरडा सिंथेटिक? तुमच्या जागी मी कोरडा घेईन. तेलाचा फिल्टर धुतल्यावर पावसाळ्यात वाळता वाळत नाही, आणि तेल जास्त झालं तर मॅफच्या तारेवर त्याचा थर बसतो. शिवाय डिचोली, सांगे, कुडचडे या खाणपट्ट्यातली किंवा रुंदीकरण चाललेल्या रस्त्यांवरची तांबडी धूळ बारीक असते. मिनिटाला दोन लाखांच्या आसपास फिरणाऱ्या कंप्रेसरच्या पात्यांना ती सँडपेपरसारखी घासते. हवा मोकळी जाणं आणि धूळ अडणं एकाच जाळीत फुकट मिळत नाही.

बसवताना इंजिन पूर्ण थंड हवं. १० नंबरचा सॉकेट, टॉर्क्स बिट (टी२५, टी३०), पेचकस, पक्कड आणि स्वच्छ चिंध्या लागतील. इग्निशन बंद करून बॅटरीची निगेटिव्ह काढा. नंतर काचांचं ऑटो आणि घड्याळ पुन्हा लावावं लागेल. सुरू करण्याआधी प्रत्येक नळीचा फोटो काढा. मग सेन्सरचा प्लग, ब्रीदर नळी, काही गाड्यांत पेट्रोलच्या वाफेची नळी आणि डायव्हर्टर व्हॉल्व्हची (अॅक्सिलरेटर सोडल्यावर जादा दाब परत सोडणाऱ्या झडपेची) परतीची नळी, या क्रमाने सोडवा. प्लास्टिकच्या लॉकवर जोर करू नका, जुनं प्लास्टिक लगेच तुटतं. डब्याचे बोल्ट काढून तो रबरी बुशांतून सरळ वर ओढा.

नळी सुटली की टर्बोचं तोंड त्याच क्षणी चिंधीने बंद करा. आत पडलेला एक वॉशर पूर्ण टर्बो संपवतो. चिंधी मोठी घ्या, म्हणजे ती आत विसरायची नाही. तोंड उघडं असतानाच बोटाने पातं हलवून बघा: शाफ्ट बाजूंना किंचित हलणं ठीक, पण पातं केसिंगला घासायला नको. आत तेलाचा पातळ थर दिसला तर घाबरू नका, तो ब्रीदरमधून येतो. तेल साचलेलं असेल तर इनटेक राहू दे, आधी टर्बो दाखवा.

नवं बसवताना सगळं आधी सैल जोडा: शील्ड, नळी, सिलिकॉनचे कपलर (नळ्या जोडणारे तुकडे), फिल्टर. बॉनेट हळूच मिटून कुठे टेकत नाही ना ते बघा, नळी आणि इंजिन यांत बोटभर जागा ठेवा, कारण इंजिन माउंटवर हलतं. मगच क्लिपा आवळा, साधारण ४ न्यूटन-मीटर, म्हणजे पेचकसाने घट्ट पण सिलिकॉन कापलं जाणार नाही इतपत. लांब, मऊ सिलिकॉन कपलर टाळा. जोरात ओढ लागली की तो आत चेपतो आणि वरच्या आरपीएमला गाडी दमते. मॅफ बसवताना त्यावरचा बाण टर्बोच्या दिशेने. ब्रीदर नळी नव्या पाइपला जोडायची म्हणजे जोडायचीच. तिला छोटा फिल्टर लावून मोकळी सोडली की केबिनमध्ये तेलाचा वास येतो, आणि मॅफच्या गाडीत पाइपवरचं रिकामं तोंड न मोजलेली हवा आत घेतं.

गळतीची गंमत अशी की मॅफ असलेल्या गाडीत ती लगेच कळते: आयडल डळमळतं, कोड येतो. मॅप असलेल्या गाडीत टर्बोआधीची गळती काहीच सांगत नाही, फक्त गाळलेली नसलेली धूळ आत जात राहते. म्हणून इंजिन आयडलला ठेवून पेटती उदबत्ती प्रत्येक जोडाशी धरा. धूर आत ओढला गेला तर तिथे गळती. ब्रेक क्लीनर फवारून बघू नका, गरम टर्बोवर पेट घेऊ शकतो.

शेवटी ओबीडी डोंगलवर (गाडीच्या तपासणी-सॉकेटला लागणारं छोटं उपकरण) फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू पेट्रोल किती टक्के कमी-जास्त करतोय, ते बघा. बसवण्याआधीचे आकडेही लिहून ठेवा, नाहीतर तुलना कशाशी करणार? आयडलला आणि ६० च्या स्थिर वेगाला ट्रिम अधिक-उणे ५ टक्क्यांत असावा. बसवल्यावर तो १० च्या वर सरकला तर गळती किंवा नळीचा व्यास, दोन्हींपैकी एक. तापमान बघताना सेन्सर कुठला ते तपासा: मॅनिफोल्डमधला सेन्सर इंटरकूलरनंतरची हवा सांगतो, फिल्टरपाशी काय चाललंय ते त्यावरून कळत नाही.

५०० किलोमीटरनंतर क्लिपा पुन्हा आवळा, सिलिकॉन उष्णतेने बसतं. बदल इन्शुरन्स कंपनीला लेखी कळवा. पाण्याने इंजिन गेलं तर सर्व्हेयर आधी बॉनेटखाली काय बदललंय ते बघतो. मूळ डबा विकू नका. सर्व्हिसिंगला आणि वॉरंटीच्या कामाला तो परत लावावा लागेल. आणि तुमच्या रोजच्या वाटेवर पाणी साचत असेल तर जूनच्या आधी तोच चढवा, चवथ (गणेशचतुर्थी) होऊन पाऊस ओसरला की नवा.