वाचकांचे प्रश्न : गळका गिझर आणि खारट विहीर

प्रश्न : आमचे घर गुहागर तालुक्यात खाडीपासून हाकेच्या अंतरावर असून पाणी घरच्याच विहिरीचे आहे. सहा वर्षांपूर्वी घेतलेला २५ लिटरचा गिझर आता बुडाशी गळू लागला आहे आणि गळणाऱ्या पाण्याला तांबूस झाक आहे. वायरमन म्हणतो की दुरुस्ती करून चालवू; दुकानदाराच्या मते नवा, आणि तोही पाच स्टारचा घ्यावा; मुंबईला असलेला मुलगा सौर यंत्र बसवा म्हणतो. घरात आम्ही तिघेच आहोत. एकूण खर्च किती येईल आणि काय पाहून खरेदी करावी? — एक वाचक, गुहागर तालुका

उत्तर : गळती नेमकी कोठून होते ते आधी पाहावे. थंड पाण्याच्या जोडावर जो सेफ्टी व्हॉल्व्ह असतो त्यातून थेंब पडत असतील, तर बहुधा त्यात कचरा किंवा क्षार अडकलेले असतात आणि काही शे रुपयांत तो बदलून मिळतो. (काही ठिकाणी त्या व्हॉल्व्हचे तोंड बूच मारून बंद केलेले आढळते. आतला दाब बाहेर पडण्याची ती मुख्य वाट असल्याने असे कदापि करू नये.) कॉइल किंवा थर्मोस्टॅट गेला असेल, तरीही हजार-दीड हजारात काम भागते. परंतु बाहेरच्या कवचाच्या बुडातून तांबूस पाणी झिरपत असेल, तर आतली टाकीच सडली आहे असे समजावे. टाकीला ठिगळ लावणे टिकत नाही, त्यामुळे आपल्या बाबतीत दुकानदाराचे म्हणणे निम्मे तरी बरोबर आहे.

आता टाकी सहाच वर्षांत का सडली, हा खरा प्रश्न आहे. कारण त्याचे उत्तर न शोधता दुसरा गिझर टांगला, तर तोही त्याच वाटेने जाईल. आजकालच्या बहुतेक गिझरची टाकी पोलादी असून तिला आतून काचेसारखा लेप दिलेला असतो. लेपात कोठे बारीकशी चीर राहिलीच, तर तेथे गंज चढू नये म्हणून टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी बसवलेली असते. ती स्वतः झिजते आणि पोलाद वाचवते. पाणी जितके खारट, तितकी ही कांडी लवकर संपते, आणि संपल्यावर झीज टाकीच्या वाट्याला येते. कांडी वर्षातून एकदा काढून पाहावी असे माहितीपुस्तिकेत लिहिलेले असते, पण ते वाचतो कोण? वायरमनकडून ती काढून घेऊन पाहिली, तर कदाचित मधली तारच तेवढी हाती येईल.

जांभ्या दगडातल्या विहिरींचे पाणी बहुधा मृदू असते आणि त्याने कॉइलवर क्षारांचा थर फारसा धरत नाही. खाडीकाठच्या विहिरीचे मात्र तसे नाही. पावसाळ्यानंतर गोड लागणारे तिचे पाणी एप्रिल-मेमध्ये उपसा वाढून पातळी खाली गेली की मचूळ होते, म्हणून पाण्याची तपासणी मे महिन्यात करावी, सप्टेंबरात नव्हे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत विरघळलेले क्षार आणि क्लोराइड या दोन्ही गोष्टी मोजून मिळतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात क्लोराइडची इष्ट मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १००० पर्यंत सवलत आहे. आपला आकडा २५०च्या बराच पुढे गेला, तर साध्या स्टेनलेस स्टीलच्या टाकीच्या वाटेला जाऊ नये, कारण गरम खारट पाण्यात त्या पोलादाला सुईच्या टोकाएवढी छिद्रे पडतात. काचलेपाची टाकी, जाड कांडी आणि इन्कोलॉय या गंज न धरणाऱ्या मिश्रधातूची कॉइल हे त्यापेक्षा बरे. मात्र कांडी दरवर्षी पाहण्याची आणि झिजली की तीनशे ते सातशे रुपये खर्चून बदलण्याची तयारी हवी. टाकीची हमी पाच-सात वर्षांची असली, तरी अतिक्षारयुक्त पाण्याने झालेले नुकसान हमीपत्रातील बारीक अक्षरांत बहुधा वगळलेले असते. ते दुकानातच वाचून घ्यावे. बाहेरचे कवच मात्र प्लास्टिकचेच निवडावे, कारण खाऱ्या वाऱ्यात पत्र्याचा रंग दोन पावसाळ्यांत पापुद्रे धरतो.

आकाराबाबत थोडे गणित करू. आपल्याकडे गिझरमध्ये येणारे पाणी साधारण २६ अंशांचे असते आणि आंघोळीला ४० अंश पुरतात. १५ लिटरचा गिझर ६० अंशांपर्यंत तापवला, तर त्यात गार पाणी मिसळून सुमारे ३६ लिटर, म्हणजे दोन बादल्या भरून वर थोडे उरते. पुढचे पाणी २ किलोवॉटच्या कॉइलवर अठरा-वीस मिनिटांत तयार होते. तिघांना एवढे पुरेसे आहे. २५ लिटरचा घेतला, तर पाण्याबरोबर भिंतीवर सुमारे ३५ किलोचा भार येतो, आणि चिऱ्याच्या भिंतीत गिलाव्यापुरता अडकलेला बोल्ट तो फार दिवस पेलत नाही. बोल्ट लांब असावा व तो सांध्यात न जाता चिऱ्यात खोल जावा, याकडे स्वतः उभे राहून लक्ष द्यावे.

स्टारचा मोह थोडा आवरावा. ते चिन्ह मुख्यतः गरम पाणी टाकीत नुसते पडून राहिल्यास दिवसभरात किती उष्णता वाया जाते, हे दाखवते. सकाळी अर्धा तास बटण चालू करून लगेच आंघोळी उरकणाऱ्या घरात तीन आणि पाच स्टारमधील फरक बिलावर फारसा उमटत नाही. तीन बादल्या पाणी तापवायला सुमारे ०.८ युनिट लागते. थोडी वाया जाणारी उष्णता धरली आणि युनिटला दहा रुपये मानले, तरी रोजचा खर्च दहा रुपयांच्या आसपास राहतो.

यावरूनच सौर यंत्राचा हिशेब लागतो. शंभर लिटरचे यंत्र साधारण वीस ते तीस हजारांच्या घरात बसते. कोकणात गरम पाण्याची गरज बरीच भासते ती जून ते सप्टेंबर, आणि नेमका तेव्हाच सूर्य ढगांआड असतो. एप्रिल-मेमध्ये ऊन भरपूर, पण गरम पाणी कोणाला नको. उरलेल्या सहा महिन्यांत रोजचे दहा रुपये वाचवून एवढी रक्कम भरून निघायला अकरा ते सतरा वर्षे लागतील. शिवाय ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने रायगड आणि उत्तर रत्नागिरीत छपरांची काय गत केली ते आपण जाणताच. कौलारू घरावर त्यासाठी वेगळा, पक्का सांगाडा उभारावा लागेल. माणसे जास्त असती, तर मत वेगळे दिले असते.

खर्चाचा अंदाज असा : काचलेपाचा १५ लिटरचा गिझर सात ते दहा हजार, नळजोड आणि बसवणावळ हजार-दीड हजार, १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट व वायर जुनी असल्यास आणखी दोन-तीन हजार. स्टॅबिलायझर कोणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नये, कारण विजेचा दाब १८० व्होल्टवर उतरला तर कॉइल सुमारे साठ टक्के ताकदीने चालते, म्हणजे पाणी उशिरा तापते इतकेच. ते पैसे ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवर, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा आपोआप तोडणाऱ्या स्विचवर, खर्च करावेत. जांभ्याच्या कातळात अर्थिंग नीट मिळत नाही, उन्हाळ्यात तर नाहीच, आणि ओल्या न्हाणीत विजेचा झटका बसला तर जीव वाचवणारे तेच साधन आहे.

प्रश्न : देवगडजवळ पर्यटकांसाठी आमच्या दोन खोल्या आहेत. पावसात वीज वारंवार जाते, म्हणून न्हाणीघरात गॅस गिझर लावावा असे वाटते. खिडकी लहान आहे, चालेल का? — एक वाचक, देवगड तालुका

उत्तर : न्हाणीघराच्या आत नको, खिडकी मोठी असती तरीही नको. बंद जागेत जळणाऱ्या गॅसमुळे प्राणवायू कमी होऊन कार्बन मोनॉक्साइड तयार होतो; त्याला रंग नाही, वास नाही, आणि आंघोळीला गेलेला माणूस दार न उघडताच बेशुद्ध पडतो. पाहुण्याला तर कडी लावून बराच वेळ आत राहण्याची सवय असते. गिझर आणि सिलिंडर दोन्ही बाहेर, पडवीच्या उघड्या बाजूला पावसापासून आडोसा करून लावावेत आणि आत फक्त गरम पाण्याची नळी न्यावी. आणखी एक बाब तपासावी : हे गिझर पाण्याच्या दाबाने पेटतात. दहा मीटर उंचीला सुमारे एक बार दाब मिळतो, तेव्हा आपली टाकी नळाच्या दोनच मीटर वर असेल, तर जेमतेम ०.२ बार मिळेल आणि पुष्कळ गिझर तेवढ्यावर पेटणार नाहीत. कमी दाबावर चालणारा प्रकार मागावा, किंवा टाकीचा ओटा आधी उंच करून घ्यावा.