हिरवळीला खत टाकायला ढकलगाडीचा स्प्रेडर कोणता घ्यावा? (अलिबागजवळ घर, लॉन ५ गुंठे)

५ गुंठ्यांना हाताने खत फेकू नका, पट्टे उमटतात. गोल फिरणाऱ्या चकतीचा स्प्रेडर घ्या. टाकी प्लास्टिकची, चाकं मोठी हवेची, दांडा स्टेनलेसचा. खाऱ्या हवेत साधं लोखंड टिकतच नाही.

एका गुंठ्याला साधारण १ किलो युरिया पुरतो. त्याचे दोन भाग करा: अर्धा उभा चालून, उरलेला आडवा. प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर थोडी चढू द्या, कारण कडेला दाणे विरळ पडतात. आधी चालायला लागा, मग टाकीखालची खत सोडायची झडप उघडा; थांबण्याआधी बंद करा. उघडी ठेवून थांबलात तर तेवढी जागा जळतेच. खत भरायचं ते खळ्यात, गवतावर नाही.

आपल्याकडे दमटपणाने युरियाची ढेकळं होतात, म्हणून आधी चाळून घ्या. पानं कोरडी हवीत, आणि लगेच भरपूर पाणी. जुलैच्या धो-धो पावसात मात्र टाकूच नका: जांभ्याच्या जमिनीतून सगळं वाहून जातं, विहिरीतही उतरतं. काम झालं की गाडी धुऊन, वाळवून, चकतीच्या दांड्याला तेल लावा.