वाचकांचे प्रश्न : जहाज लोटताना आणि बुडताना

प्रश्न : ‘ग्रेट ईस्टर्न’ हे इंग्लंडमधलं अवाढव्य लोखंडी जहाज पाण्यात उतरायला तीन महिने लागले, असं वाचलं. उतारावर जहाज अडकतं कसं? – एक यंत्रमागधारक, सोलापूर

उत्तर : आधी त्या काळची नेहमीची रीत सांगतो. जहाज बांधतात ते पाण्याकडे उतरत्या जागेवर, कण्याखाली लाकडी ठोकळे रचून. लोटायच्या वेळी दोन्ही अंगांना लाकडी घसरणी घालून त्यांवर चरबी आणि मऊ साबणाचा जाड थर देतात. वर जहाज धरणारा पाळणा बसतो. मग माणसं एका तालात पाचरी ठोकतात, जहाज किंचित उचललं जातं आणि भार ठोकळ्यांवरून पाळण्यावर येतो. ठोकळे काढायचे आणि सर्वांत शेवटी अडसर पाडायचा. इथे रेंगाळलं की घात होतो, कारण भाराखाली चरबी पिळून बाहेर पडते आणि थंडीत ती घट्टही होते. मागचा भाग तरंगू लागला की उरलेला भार नाळेखालच्या, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाखालच्या, टेकूंवर एकवटतो. ते कच्चे असतील तर चिरडतात.

‘ग्रेट ईस्टर्न’ ६९२ फूट लांब, लोटताना वजन सुमारे १२,००० टन. टेम्स नदीत ते सरळ सोडायला जागा नव्हती, म्हणून आडवं लोटायचं ठरलं. जहाजाचे अभियंते ब्रुनेल यांनी उतार बारा फुटांना एक फूट ठेवला. तो पुरेसा होता. चुकलं ते लोखंडावर लोखंड घसरवण्यात. लाकूड रुंद टेकतं, त्यामुळे चरबी मध्ये टिकते. इथे घसरणीवर रूळ आणि पाळण्याखाली लोखंडी पट्ट्या होत्या. दोन्ही जिथे एकमेकांना छेदत, तेवढ्याच जागी सगळा भार आला, वंगण निघून गेलं आणि लोखंडानं लोखंड धरलं. मागाच्या बेअरिंगवर भार वाढला की ग्रीस कडेला साचतं आणि आत कोरडं पडतं, तसंच हे. ३ नोव्हेंबर १८५७ रोजी जहाज जेमतेम काही फूट सरकलं. जहाज आवरून धरणाऱ्या साखळीला हिसका बसून ती गुंडाळलेल्या रहाटाच्या दांड्या उलट्या फिरल्या, कामगार फेकले गेले, जीवही गेला. पुढे पाण्याच्या दाबावर चालणारे जॅक लावून ते इंचाइंचानं ढकलावं लागलं. ३१ जानेवारी १८५८ च्या भरतीला ते तरंगलं. मुंबई–एडन तारेची केबल १८७० मध्ये समुद्रात टाकली ती याच जहाजानं.

प्रश्न : मुंबईतही जहाजं अशीच लोटत का? – वाचक, अक्कलकोट रस्ता, सोलापूर

उत्तर : मोठी जहाजं बहुधा नाही. वाडिया घराण्याचे कारागीर सागवानी जहाज सुक्या गोदीत बांधत. भरतीला दार उघडून पाणी आत घेतलं की जहाज जागच्या जागी उचललं जाई. घसरणीचा धोकाच नाही.

प्रश्न : ‘टेलर’ हे नवंकोरं लोखंडी जहाज पहिल्याच सफरीत कसं बुडालं? – विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर : मुख्य कारण होकायंत्र. तेव्हा लोखंडी जहाज बांधताना पत्रे जोडायला हजारो रिव्हेट (जाड खिळे) ठोकले जात. त्या ठोक्यांनी सांगाडा पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या दिशेनं स्वतःच चुंबक होई आणि होकायंत्राची सुई ओढी. ‘टेलर’ १९ जानेवारी १८५४ रोजी लिव्हरपूलहून मेलबर्नला निघालं. जहाजावरची होकायंत्रं एकमेकांशी जुळेनात. दक्षिणेला चाललोय असं समजून ते पश्चिमेला गेलं आणि २१ तारखेला डब्लिनजवळच्या लॅम्बे बेटावर आदळलं. एवढ्या जहाजाला सुकाणूही अपुरं होतं, त्यामुळे खडक दिसल्यावर वळवता आलं नाही. सुमारे साडेसहाशे माणसांपैकी निम्म्याहून अधिक गेली. बायका आणि मुलं तर फारच थोडी वाचली.

उपाय ठाऊक होता. इंग्लंडचे खगोलशास्त्रज्ञ एअरी यांनी १८३८ मध्येच होकायंत्राशेजारी चुंबक आणि मऊ लोखंड बसवून सुई सुधारून दाखवली होती. पण नव्या सांगाड्याचं चुंबकत्व लाटांच्या तडाख्यानं बदलतं, त्यामुळे बंदरात केलेली दुरुस्ती भर समुद्रात चुकीची ठरू शकते. म्हणून चुंबकत्वाचे अभ्यासक स्कोर्सबी यांचा आग्रह होता की एक होकायंत्र डोलकाठीवर, लोखंडापासून दूर असावं आणि खालची त्याच्याशी ताडून पाहावीत.